छत उलट्या बाजूने पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घराचे छत गेल्या महिन्यात बदलले. कौले उतरवली आणि जुन्याच लाकडी सांगाड्यावर रंगीत नालीदार पत्रे घातले. पाच दिवसांत काम उरकले. सहाव्या दिवशी कंत्राटदार आतून फॉल्स सिलिंग ठोकायला माणसे घेऊन आले, तेव्हा मी त्यांना दारातच थांबवले. घरचे नाराज झाले. शेजारी म्हणाले, "एवढं छान दिसतंय, आता काय बघायचं राहिलं?" जे बघायचे राहिले होते, त्याबद्दल हे पत्र.

मी तीस वर्षे शिवणकाम करते. हाताखालच्या मुलीने शिवलेला कपडा तपासायला घेतला की आधी तो उलटा करते. शिवणीत कापड किती धरले, धागा कुठे ओढला गेला, कुठे घाईत टाका सुटला, ते तिथेच कळते. छताची उलटी बाजू मात्र सिलिंग लागेपर्यंतच आपल्याला दिसते. नंतर वर्षानुवर्षे नाही.

मी भर दुपारी खिडक्यांवर जाड चादरी टाकून खोली काळोखी केली आणि शिडीवर चढले. उजेडाचे दोन ठिपके लगेच दिसले. चुकून पाडलेली भोके होती, स्क्रू काढून घेतला आणि भोक तसेच राहिले. ही चूक सोपी, बुजवता येते. त्याहून मोठी गोष्ट बॅटरीच्या उजेडात दिसली. पत्रा ज्या आडव्या लाकडी पट्टीवर ठोकतात ती रीप. सात स्क्रूंची टोके रिपेच्या बाजूला हवेत लोंबत होती. स्क्रू पत्र्यातून आरपार गेला, पण लाकडात घुसलाच नाही. वरून पाहिले तर तो इतर स्क्रूंसारखाच, ओळीत, रंगाला रंग जुळलेला. त्याने धरून मात्र काहीच ठेवलेले नाही. या सातांतले चार वळचणीच्या कडेला होते. वादळी वारा पत्रे वर ओढतो तेव्हा सर्वांत जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना बसते. म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत, आणि प्रत्येक लाकडात बसलेला हवा.

लाकडही तपासावे. अकरा रिपांपैकी तीन बदलल्या होत्या. उरलेल्यांना मी टोचा लावून पाहिला. भिंतीजवळ दोन ठिकाणी तो बोटाच्या पेराएवढा सहज आत गेला. कुजक्या लाकडात स्क्रू फिरतो, धरत नाही. नवा पत्रा जुन्या लाकडाच्या जिवावर उभा असतो, हे काम ठरवतानाच बोलायला हवे होते. मी बोलले नाही, त्याची हळहळ वाटते.

पत्र्यावर चढून तुडवू नये, शिडीवरून कडेचे पाहावे. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. तो किंचित दबलेला आणि सगळीकडून सारखा टेकलेला असावा. चिरडून बाहेर आला असेल तर स्क्रू जास्त आवळला आहे, तो रबर उन्हात लवकर तडकेल. वॉशर हाताने फिरत असेल तर पाणी आजच आत येईल. नालीदार पत्र्यात स्क्रू फुगवट्यावर मारलेला बरा, कारण पाणी खोलगट भागातून वाहते.

चार दिवसांनी नव्या पत्र्यावर तांबूस ठिपके उमटले. माल खराब आला असे आम्हाला वाटले, पण ती भोके पाडताना उडालेल्या लोखंडी किसाची गंज होती. तो कीस रोज संध्याकाळी मऊ झाडूने झाडून टाकला असता तर डाग पडलेच नसते. पत्रा ग्राइंडरने कापला असेल तर कडेचा लेप जळतो आणि गंज तिथूनच आत शिरते. म्हणून कापलेल्या कडा आवर्जून पाहाव्यात. पत्र्याची जाडी कागदावर लिहून घेताना ती रंगासह की रंगाविना, हेही लिहून घ्यावे. अर्ध्या मिलिमीटरच्या मालात तेवढ्यानेही फरक पडतो.

सर्वांत जास्त मी भांडले ते भिंतीच्या सांध्यासाठी. छत जिथे उंच भिंतीला टेकते तिथे सिमेंट थापून वर रंग मारला होता. ५ मीटरचा पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे २.४ मिलिमीटर लांबतो, आणि थंड झाला की पुन्हा आखडतो. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, ते तडकते. शिवाय ओले सिमेंट पत्र्यावरचा जस्ताचा लेप खाते. तिथे भिंतीला खाच मारून, तिच्यात वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवून, ती छताच्या पत्र्यावर मोकळी उतरवायला हवी.

हे तोंडी सांगून पटेना, म्हणून पाणी सोडून दाखवले. पाइप वळचणीपाशी धरायचा, एका जागी दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग हातभर वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि कोणत्या सांध्याने दगा दिला ते कळत नाही. पाइप भिंतीपाशी पोचला तेव्हा खोलीच्या मधोमध थेंब पडू लागले. पाणी सांध्यातून शिरून पत्र्याच्या पोटाला धरून रिपेपर्यंत आणि रिपेवरून खोलीच्या मध्यापर्यंत आले होते. सिलिंग असते तर आम्ही भलतीच जागा उकरत बसलो असतो.

एक गोष्ट कंत्राटदारांच्या बाजूने सांगायलाच हवी. एका पहाटे, पाऊस नसताना, आतून थेंब पडले आणि मी मिस्त्रींना तातडीने बोलावले. ती गळती नव्हती. रात्री पत्रा गार पडतो आणि घरातली दमट हवा त्याला लागून दव धरते. कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळायची, पत्र्याखाली तिला वाट ठेवावी लागते, वळचणीपाशी आत यायला आणि आढ्यापाशी बाहेर जायला. मिस्त्रींनी ते शांतपणे समजावले आणि आढ्यालगत जाळी बसवून दिली. सातही स्क्रू काढून, भोके बंद करून, नवे स्क्रू रिपेत मारून दिले. त्यांना काम येत होते. त्यांच्यावर घाई लादलेली होती, असे माझे मत आहे.

म्हणून कंत्राटदारांना माझी विनंती आहे की, सिलिंगचे काम छताच्या पाठोपाठ लावू नका. घरमालकाला आठ दिवस द्या, शक्य तर एक पाऊस जाऊ द्या. आणि घरमालकांनो, शेवटचा हप्ता आतून पाहिल्याशिवाय देऊ नका. दिसेल त्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

आमच्याकडे सिलिंगच्या फळ्या अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत. भिंतीला खाच मारून झाली आहे, पट्टी परवा बसेल. त्यानंतर मी पुन्हा पाइप धरणार आहे.

आपली,
एक वाचक