मनिलात दप्तर उघडले, इथे मिटले

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे)मधील बदलावर बरेच लिहून आले, पण त्यातले बहुतेक ‘खासगीपणा की पारदर्शकता’ या वादातच अडकले. या बदलाने बातमीदाराच्या हातून नेमके काय जाते, हे फिलिपिन्सकडे पाहिल्यावर चटकन कळते.

‘फिलिपिन सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम’ या संस्थेने २००० साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्या संपत्तीवर वृत्तमालिका दिली. तिचा कणा होता सरकारी दप्तर. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या आयोगाकडून ६६ कंपन्यांचे कागद मिळवले. त्यांत संस्थापक किंवा संचालक म्हणून एस्ट्राडा आणि त्यांच्या निरनिराळ्या संसारांतली माणसे होती. एस्ट्राडांनी भरलेल्या मालमत्तेच्या वार्षिक विवरणपत्रात मात्र मोजक्याच कंपन्या. दोन कागद शेजारी ठेवले आणि बातमी उभी राहिली. त्याच वर्षी महाभियोग चालला, जानेवारी २००१मध्ये एस्ट्राडा पायउतार झाले.

पुढे २०२०मध्ये तिथल्या लोकपालांनी नियम केला की ज्याचे विवरणपत्र हवे, त्याचीच नोटरी केलेली संमती आणा. चोराकडे झडतीची परवानगी मागायची, त्यातला प्रकार. ऑक्टोबर २०२५मध्ये नव्या लोकपालांनी ती अट काढली. आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे, ८(१)(जे) बदलणारे कलम ४४(३) अमलात आले!

त्याने काय बदलले? पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण अतिक्रमण होईल, असे दाखवावे लागे. त्यावरही व्यापक जनहिताचा उतारा त्याच कलमात होता. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. हे सगळे गेले. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे म्हटले की पुरे. हजेरीपटावर मजुरांची नावे असतात, मोजमाप पुस्तिकेवर अभियंत्याची सही असते, देयकावर ठेकेदाराचे नाव असते. नाव नाही असा सरकारी कागद दाखवा.

कागद मिळेनासा झाला तर शोधपत्रकारिता थांबत नाही, ती महाग आणि धोक्याची होते. इंडोनेशियातल्या बेंजिना या बेटावरच्या गावात मासेमारीसाठी डांबलेल्या मजुरांची बातमी असोसिएटेड प्रेसने २०१५मध्ये दिली. मासळी नेणाऱ्या जहाजाचा उपग्रहावरून माग काढला, थायलंडच्या सामुत साखोन बंदरात चार रात्री ट्रकांचा पाठलाग केला, मग अमेरिकेच्या सीमाशुल्क नोंदींशी सांगड घातली. ज्यांनी तोंड उघडले त्यांना सुरक्षित हलवल्यावरच बातमी सोडली. चार बातमीदार, वर्षभराचे काम. हा खर्च जिल्ह्याच्या दैनिकाने कुठून आणायचा? म्यानमारमध्ये तर रॉयटर्सच्या दोघा बातमीदारांना डिसेंबर २०१७मध्ये पोलिसांनी हॉटेलात बोलावून गुंडाळी केलेले कागद हातात दिले आणि बाहेर पडताच पकडले. दहा रोहिंग्यांच्या हत्येचा शोध ते घेत होते. ५००हून अधिक दिवस तुरुंगात गेले. तेव्हा परका माणूस आपणहून कागद हातात देऊ लागला तर आधी हात मागे घ्यावा, हे इथेही लागू.

एस्ट्राडांवर वापरलेली रीत आपल्याकडे अजून चालते. उमेदवाराचे नमुना २६मधील शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते, कंपनीची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतात. जमिनीसाठी सातबारा, फेरफार आणि नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा. चूक होते ती नाव जुळवताना. एका तालुक्यात एकाच नावाचे चार पाटील निघतात, इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचे. म्हणून संचालक ओळख क्रमांक, नोंदणीकृत पत्ता आणि लेखापरीक्षक जुळवावा. यातले दोन तरी जुळल्याशिवाय नाव छापू नये. संचालकपद सोडल्याची तारीख न पाहता छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी तोंडावर आपटते. खुलासा मागायचा तो लेखी, कागदांच्या प्रती जोडून. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत नुसते सत्य पुरत नाही, ते छापणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

माहिती अधिकाराचा अर्जही आता वेगळा लिहावा लागेल. महाराष्ट्रात १५० शब्द आणि एकच विषय ही मर्यादा आहेच, त्यामुळे रस्त्याचे देयक एका अर्जात, निविदा दुसऱ्यात. नावाऐवजी पदनाम, काम क्रमांक आणि देयक क्रमांक मागावा. ‘का?’ असा प्रश्न विचारू नये, दस्तऐवज मागावा. शक्यतो कलम २(जे)खाली आधी अभिलेखाची पाहणी मागावी, म्हणजे दोन रुपये पान मोजून नको ते गठ्ठे घ्यावे लागत नाहीत. नावाला पर्यायच नसेल तिथे कलम १०प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचा द्या, असे लिहावे. मुख्य म्हणजे जनहिताचे कलम ८(२) शाबूत आहे. त्याचा उल्लेख आणि जनहित कोणते, हे मूळ अर्जातच दोन ओळींत मांडावे, अपिलासाठी राखून ठेवू नये. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील.

आपल्या दैनिकाला एक विनंती. नव्या ८(१)(जे)चा आधार घेऊन आलेली नकारपत्रे वाचकांकडून मागवावीत आणि दर आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी: कार्यालय, मागितलेला कागद, नकाराची तारीख. अर्जदाराचे नाव नको. कोणते खाते कोणता कागद दडवते आहे, ते त्या चौकटीत दिसत जाईल.

— माहिती अधिकारात काम करणारे काही वाचक, पुणे