कासची नुसती फुलं नको, खालचा कातळही मोजा

मा. संपादक, नमस्कार.

साताऱ्याच्या कास पठारावरच्या बहराच्या बातम्या दरवर्षी येतात, 2012 ला युनेस्कोच्या यादीत आलं तेही सगळे सांगतात, पण ज्या कातळावर हे फुलतं त्याबद्दल एक ओळ नसते म्हणून लिहितोय. बीएस्सीला असताना साताऱ्याजवळच्याच एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आम्ही फुलं मोजायला पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट घेऊन गेलो होतो, पहिल्या दिवशी जिथं फुलं दाट तिथंच चौकट टाकत सुटलो आणि मॅडमनी अख्खी वही रद्द केली, कारण जागा आपण डोळ्यांनी निवडली की आकडा फुगतोच. मग चिठ्ठ्या काढून नंबर घेतले, दोरी ताणून तितक्या पावलांवर चौकट, आत नुसता उघडा जांभा दगड आला तरी शून्य लिहायचं.

मातीची खोली मोजायला विणकामाची सुई होती. कुठं दोन बोटं आत जायची, कुठं लगेच खट्कन दगडाला लागायची. जिथं पाणी साचतं आणि माती नावालाच, तिथं सीतेची आसवं नावाची वनस्पती, ती बारीक जीव पकडून खाते कारण त्या मातीत नायट्रोजन फारच कमी. खोल माती आली की गवत. आणि तोच चौकोन एप्रिलमध्ये बघा, तापलेला कोरडा दगड.

म्हणून वनखात्याला कळकळीची विनंती, फुलांच्या नोंदींसोबत मातीची खोली, ओल, तापमान यांच्याही नोंदी ठेवा, पर्यटकांच्या वाटेवरच्या आणि वाटेपासून लांबच्या, दोन्ही ठिकाणच्या, आणि उन्हाळ्यातल्यासुद्धा.

एक वाचक, सातारा