अक्का, हे जाहीर आभार तुम्हाला आवडणार नाहीत

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही एक अंगठा टाकून विषय संपवला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आणखी एक कारण आहे. मी केलेली साडीच्या दुकानाची जाहिरात फिरायला लागल्यापासून इथली नाटकातली पोरं मला सारखी विचारतात, "कॅमेऱ्यासमोर बोलायचा कोर्स कुठं केलास? पुण्यात का मुंबईत?" कोर्स सोलापुरातच झाला, पूर्व भागात, तुमच्या माडीवरच्या खोलीत, शेजारच्या यंत्रमागांच्या खटखटीत. हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

आमची सगळी तालीम रंगमंचाची. एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा, गणपतीतले कार्यक्रम, पोटापाण्यासाठी लग्नातलं सूत्रसंचालन. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे हा पहिला धडा, आणि तो आजही खराच आहे. पण तोच आवाज लावून मी तुमच्या कॅमेऱ्यासमोर "नमस्कार, माझं नाव…" सुरू केलं, तेव्हा मागून तुम्ही म्हणालात, "कुणाला ओरडलालीस गं? माईक तुझ्या गळ्याशी आहे की."

तुम्ही केबलवर बातम्या वाचायचात तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी सगळे म्हणायचे, "ही बाई आपल्याशीच बोलते." ते कसं जमायचं, हे तुम्ही कधी समजावून सांगितलं नाहीत. करायला लावलंत. एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा. आधी आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचं. मग फोन पालथा ठेवून नुसता आवाज ऐकायचा. दोन्ही एकत्र सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक वेळी तुमचा एकच प्रश्न, "दिसलं का काही?"

दिसायला लागलं. आवाज बंद केल्यावर कळलं की प्रत्येक वाक्याआधी माझ्या भुवया वर जातात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत नजर खाली पडते. फोन पालथा ठेवला तेव्हा ऐकू आलं की वाक्याची सुरुवात मी दणक्यात करते आणि शेपूट गिळते. मराठीत क्रियापद येतं शेवटी. 'देतो' का 'देत नाही' याचा फैसला तिथं होतो, आणि नेमकं तेच माझ्या तोंडातल्या तोंडात राहायचं. बातमी वाचणाऱ्या बाईला हे पहिल्याच दिवशी ऐकू आलं असणार. तरी तुम्ही बोलला नाहीत. माझं मला सापडेपर्यंत चहा पीत बसलात.

आभार मुख्यतः त्या गप्प बसण्याचे आहेत. स्पर्धेत परीक्षक दोष सांगतात, मित्रमंडळी "भारी झालं बे" म्हणतात. दोन्हीकडं बघणारे डोळे दुसऱ्याचेच. आम्हा सुट्या कामांवर जगणाऱ्यांना रोज दिग्दर्शक कुठून मिळणार? संध्याकाळी कास्टिंगवाल्यांचा मेसेज येतो, सकाळपर्यंत सेल्फ-टेप, म्हणजे आपणच फोनवर काढलेली ऑडिशन, हवी असते. रात्री खोलीत आपण, फोन आणि संवाद सांगायला झोपेतून उठवलेली बहीण. कुठला टेक पाठवायचा हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. तेवढी नजर तुम्ही दिलीत.

बाकीच्या गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्या, पण पोरांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून लिहिते. ओळख देताना थेट लेन्समध्ये बघायचं. प्रसंग करताना समोरचं माणूस लेन्सला अगदी खेटून उभं करायचं आणि त्याच्याकडं बघायचं, म्हणजे दोन्ही डोळे दिसतात. वाचून बोलायचं असेल तर अक्षरांचा रकाना अरुंद ठेवायचा आणि फोन लांब, नाहीतर बुबुळं डावीकडून उजवीकडं पळताना दिसतात. बारीक चौकडीचं कापड कॅमेऱ्यात लहरतं, ते नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोनच्या कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की त्यामुळं व्हिडिओत येणारे पट्टे जातात. रिंग लाइटबद्दलचं तुमचं मत मी इथं छापत नाही. चष्मेवाल्यांनी तो समोर लावून एकदा स्वतःच बघावं.

खोली घुमते म्हणून स्टुडिओ भाड्यानं घ्यायला निघाले होते, तेव्हा तुम्ही कपाटातून सोलापुरी चादरी काढून तीन भिंतींवर टांगल्या आणि टेबलावर टर्किश टॉवेल अंथरला. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढं, पंखा बंद. वीज गेली की माग थांबायचे आणि तुम्ही उठायचात, "चल, खिडकीचा उजेड आहे, फोनला बॅटरी आहे, लाग कामाला." लोडशेडिंगची वाट बघणारं सोलापुरातलं दुसरं घर मला माहीत नाही.

इथं कुणी जरा बरं काम केलं की "जा मुंबईला" सुरू होतं. उदाहरण अतुल कुलकर्णींचं. इथल्या नाट्य आराधना या नाट्यसंस्थेतून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही जा म्हणाला नाहीत, राहा असंही नाही. "आधी टेप जाऊ दे, मग तू जा," एवढंच. माझी टेप बरीच फिरली. मी अजून इथंच आहे आणि काम येतंय.

आणि पैसे. चेहरा विकत देतेस का भाड्यानं, हा तुमचा प्रश्न ऐकून मी हसले होते. आता जाहिरातीचं काम आलं की दर सांगायच्या आधी विचारते: कुठं दाखवणार, किती महिने, फक्त इंटरनेटवर का होर्डिंगवरही? मुदत लेखी घेते. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तारीख देत नाही. एका दुकानदारानं यावरून मला 'लई शहाणी' ठरवलं आणि दुसऱ्या आठवड्यात पैसे पाठवले.

एवढं शिकवून तुम्ही स्वतः माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. पाकीट दोनदा परत आलं. हे तुमच्याच नियमात बसत नाही, अक्का. रविवारी पुन्हा आणतेय. या वेळी तुमच्या सुनेच्या हातात देणार आहे, तिच्याशी बोलणं झालंय.

तुमची,
माडीवरची विद्यार्थिनी