काकू, कुठे सुरगाठ आणि कुठे निरगाठ?

काकू,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेला तर "तुझ्या शर्टाचं बटण लोंबतंय" म्हणून सुई-दोराच काढलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, म्हणजे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

जहाज पूर्ण झालं. म्हणजे जवळजवळ. त्या 'जवळजवळ'बद्दल शेवटी सांगतो.

तुम्ही पहिल्यांदा ते टेबलावर पाहिलंत तेव्हा विचारलं होतंत, "खेळण्यातले ठोकळे ना हे?" होय, खेळण्यातलेच, लेगो कंपनीचे, आणि त्यांतून मी बांधत होतो ती 'कटी सार्क'ची प्रतिकृती. 'कटी सार्क' हे १८६९ सालचं तीन डोलकाठ्यांचं जहाज, चीनहून चहा घेऊन वेगाने परतण्यासाठी बांधलेलं. ते पाण्यात उतरलं २२ नोव्हेंबरला, आणि त्याच्या पाचच दिवस आधी सुएझ कालवा खुला झाला. ती जवळची वाट वाफेच्या जहाजांची. शिडांच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालावाच लागे. हे ऐकून तुम्ही "अगंबाई, बिच्चारं!" म्हणालात, अगदी शेजारच्या मुलीचं लग्न मोडल्यासारखं. पुढे त्याने ऑस्ट्रेलियाहून लोकर आणण्यात नाव कमावलं, हे सांगितल्यावर कुठे तुमचा जीव भांड्यात पडला. आज ते लंडनमध्ये ग्रीनिचला कोरड्या गोदीत उभं आहे.

माझं जहाज ११८ स्टड लांब आणि २० स्टड रुंद. स्टड म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरचा तो गोल उंचवटा. दोन उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर. खरं जहाज रुंदीला सुमारे ११ मीटर. ते २० स्टडांत बसवलं की प्रमाण साधारण १:६९ येतं आणि बाकीची मापं आपोआप ठरतात. खालच्या भागाबद्दल तुम्हाला कधी फारसं कौतुक वाटलं नाही, आणि मीही इथे लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की चौकोनी ठोकळ्यांतून पोटाचा गोलावा काढायचा तर ते एकावर एक रचून भागत नाही, आडवे करून लावावे लागतात. पातळ प्लेट ३.२ मिलिमीटर जाड असते. अशा पाच प्लेटा म्हणजे १६ मिलिमीटर, म्हणजेच बरोबर दोन स्टड. या एका हिशोबावर सगळी कारागिरी चालते, कारण आडवा केलेला तुकडा उभ्याच्या शेजारी फट न ठेवता बसतो. आत भोकांच्या दांड्यांचा सांगाडा आणि त्यावर बाहेरून टांगलेली कातडी. गंमत म्हणजे खरं जहाजही तसंच आहे, आत लोखंडी फासळ्या आणि वर लाकडी फळ्या. पाण्याखालच्या भागाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवण्यासाठी तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे पिवळसर पत्रे ठोकलेले. त्या पिवळ्यासाठी मी चार महिने रंग जुळवत बसलो होतो.

आणि दोऱ्या? दोऱ्यांचं मी "शेवटी बघू" म्हणून ठेवलं होतं. आमच्यातल्या पुष्कळांचं असंच होतं, कारण ठोकळ्यांची भाषा आम्हाला येते आणि दोऱ्याची येत नाही. शिवाय एक सोवळंही आहे. काही जण मानतात की ठोकळ्यांच्या कामात बाहेरचं काही येता कामा नये, ना गोंद, ना कात्री, ना धागा. मला ते पटत नाही. कंपनीने १९८९ साली समुद्री चाच्यांची जहाजं काढली तेव्हा त्यांतही कापडी शिडं होतीच की.

तर मी जाड काळा दोरा आणला आणि चित्रात बघून जिथे दोरी दिसेल तिथे बांधत सुटलो. सगळीकडे निरगाठ, वर गोंदाचा थेंब. तीन आठवड्यांनी जहाज कोळिष्टकात सापडलेल्या माशीसारखं दिसू लागलं, आणि एका सकाळी मधली डोलकाठी पुढे वाकलेली, कडेची आख्खी पट्टी ठोकळ्यांसकट उपटून वर आलेली. रात्री कोणी हात लावला नव्हता. दोऱ्यांनीच केलं होतं ते.

त्याच दिवशी तुम्ही वरच्या मजल्यावरून चावी मागायला आलात. पाच मिनिटं बघत उभ्या राहिलात. मला वाटलं, आता "छान हं" म्हणून निघाल. तुम्ही चष्मा वर सरकवलात, एक दोरी चिमटीत धरलीत आणि विचारलंत, "ही कुठे जाते रे?"

मला माहीत नव्हतं.

"बरं, ही सोडायची असते की कायमची बांधलेली? म्हणजे कुठे सुरगाठ मारायची आणि कुठे निरगाठ, हे ठरलंय ना?"

काकू, शिडांच्या जहाजांवर लिहिलेलं मी त्याआधी बरंच वाचलं होतं. त्या सगळ्यात हीच गोष्ट पहिल्या पानापासून होती आणि माझ्या डोक्यात शिरली नव्हती. जहाजावर दोऱ्यांची दोन कुळं असतात. एक स्थिर, म्हणजे डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही कडांकडून ताणून धरणाऱ्या, ज्या कायम तशाच राहतात. त्यांना डांबर फासलेलं, म्हणून काळ्या. दुसऱ्या चालत्या, म्हणजे परबाणं (शिडं टांगायच्या आडव्या काठ्या) वर-खाली करायला, वाऱ्याकडे फिरवायला, शिडं उलगडायला आणि गुंडाळायला. त्या हातांतून सतत सरकतात, म्हणून अंबाडीच्या मूळ फिक्या रंगाच्या. मी सगळ्या काळ्या केल्या होत्या. म्हणजे माझ्या जहाजावर एकही शीड कधी उघडलं नसतं!

तुम्हाला जहाजातलं काही कळत नव्हतं आणि तुम्ही तसं दहा वेळा म्हणालात. पण दोरा म्हणजे काय ते तुम्हाला चाळीस वर्षांच्या शिवणकामाने कळत होतं, आणि ते मला सांगायला तुम्ही सलग कितीतरी संध्याकाळी खाली उतरलात.

पहिली संध्याकाळ मेणाची. माझ्या दोऱ्यावर बारीक लव होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती, पण फोटो काढला की प्रत्येक दोरी सुरवंट. तुम्ही पिशवीतून मधमाशीच्या मेणाचा तुकडा काढलात, त्यावर आधीच्या हजार दोऱ्यांच्या खाचा पडलेल्या. दोरा त्यावरून दोनदा ओढायचा आणि मग बोटांच्या उबेने निपटायचा. लव बसली, दोरा गुळगुळीत झाला, गाठही सरकेनाशी झाली. गोंद सुटला तो कायमचा.

दुसरी गोष्ट पिळाची. सुती दोरा दमट हवेत फुगतो, फुगला की पीळ घट्ट होतो आणि लांबी कमी होते. म्हणजे ती रात्रीत वाकलेली डोलकाठी! खऱ्या जहाजांवरही हेच होई. ओल्या दोरांनी ताण वाढे, सुकले की सैल पडत, आणि खलाशांना ते सतत सांभाळावं लागे. मला सांभाळायला खलाशी नाहीत, म्हणून तुम्ही सांगितलंत, "पॉलिएस्टर घे, त्याला हवेचं काही पडलेलं नसतं." सोबत जाडीचंही. अर्धा मिलिमीटर दोरा म्हणजे या प्रमाणात साडेतीन सेंटीमीटरचा दोर. मी सगळीकडे एकच जाडी वापरली होती. आता चार आहेत, आणि नवख्या माणसालाही का ते न कळता जहाज खरं वाटतं.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या मते सगळ्यांत मोठी. ती ताणाची. ठोकळ्यांची पकड दाबाला भक्कम आणि ओढीला कच्ची असते. वरून कितीही दाबा, हलत नाहीत. उचलून ओढा, निघून येतात, नाहीतर मुलं त्यांच्याशी खेळलीच नसती. आणि दोरी तर ओढतच असते. मी पुढची दोरी पूर्ण आवळायचो, मग मागची आवळून डोलकाठी सरळ करायला जायचो, की ताण दुप्पट. तुम्ही भरतकामाच्या चौकटीवर कापड कसं ताणता ते करून दाखवलंत. एक बाजू अर्धी, तिच्या समोरची अर्धी, मग आडव्या दोन्ही, मग पुन्हा पहिलीपासून थोडी थोडी. कापड मध्यावर राहतं आणि चौकट वेडीवाकडी होत नाही. मी डोलकाठीच्या पोटातून फुलीच्या आकाराचा लांब दांडा खालच्या सांगाड्यापर्यंत घातला, कडेच्या पट्ट्या स्टडांवर नुसत्या न टेकवता पिनांनी आरपार अडकवल्या, आणि दोऱ्या तुमच्या पद्धतीने समोरासमोर, पाच फेऱ्यांत ताणल्या. ६७ सेंटीमीटरची डोलकाठी तेव्हापासून ओळंब्यात आहे. बोटाने टिचकी मारली की दोऱ्या एका सुरात वाजतात. हे मी कुणी नसताना करतो.

मग त्या दोरीच्या शिड्या. कडेच्या ताणलेल्या दोरांना आडव्या पायऱ्या, ज्यांवरून खलाशी वर चढत. कंपनीच्या संचांत त्या साच्यातून एका तुकड्यात निघालेल्या येतात. बऱ्या दिसतात, पण जाड, आणि त्यांची उंची ठरलेली. हाताने बांधायच्या तर दर फुलीवर खुंटगाठ. मधल्या डोलकाठीच्या एका बाजूला पाच दोर आणि सव्वीस पायऱ्या, म्हणजे १३० गाठी, आणि अशा बाजू सहा. सगळ्या धरून साडेसहाशेच्या वर. पहिल्या शिडीच्या वेळी कडेचे दोर आत ओढले जाऊन तिची कंबर बारीक झाली. तुम्ही म्हणालात, "पायरी आवळायची नाही, नुसती ठेवायची. आणि मागे कागद धर." मागे साडेपाच मिलिमीटरवर रेघा मारलेला कागद लावला, पायऱ्या सैल ठेवल्या, आणि कंबर गेली. ८० गाठी तुम्ही मारल्यात, मी मोजल्यात. कुठल्या त्या मला अजून ओळखता येतात, कारण त्या सगळ्या एकाच दिशेने बघतात.

शिडांच्या बाबतीत आपलं थोडं वाजलं, आठवतंय? मला खऱ्या शिडासारखे पट्टे शिवून हवे होते. खरं शीड कॅनव्हासच्या अरुंद उभ्या पट्ट्या जोडूनच बनतं. तुमचं म्हणणं, शिवू नकोस. मी हट्टाने एक शिवून घेतलं आणि मग हिशोब केला. दोन मिलिमीटरचा टाका खऱ्या जहाजावर जवळपास चौदा सेंटीमीटरचा होतो. राक्षसाने शिवलेलं शीड! तुम्ही "बघ" असंही म्हणाला नाहीत. टोकदार पेन्सिलीने रेघा मारल्यात, कापड उभ्या-आडव्या धाग्यावर कापलंत, कडेला मेणाचा दोरा वळवलात, आणि पातळ खळीत बुडवून वाटीच्या उलट्या पोटावर सुकत घातलंत. वाळल्यावर त्यात वारा भरलेला होता.

संगणकावर हे जहाज मी आधी पूर्ण बांधलं होतं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं आणि दोरी कुणालाच ओढत नाही. तिथे सगळं उभं राहतं. त्या भरवशावर मी किती तुकडे मागवले आणि किती परत डब्यात गेले, ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

आता त्या 'जवळजवळ'बद्दल. मागच्या डोलकाठीच्या खालून दुसऱ्या परबाणाची एक दोरी मी चुकीच्या खुंटीवर नेली आहे. ती जिथे उतरते तिथून ओढली तर परबाण फिरण्याऐवजी शेजारच्या दोरीत अडकेल. कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण मला रोज दिसतं. सुदैवाने तिथे मी सुरगाठ मारली होती. या आठवड्यात सोडून पुन्हा बांधतो.

त्यासाठी मेण लागेल. तुम्ही लेकीकडे राहायला जाताना ठेवून गेलात तो तुकडा आता नखाएवढा उरला आहे. बाजारात पांढरं आणि पिवळं अशी दोन दिसतात. तुमचं पिवळं होतं, पण जुनं झाल्यामुळे पिवळं की मुळातच, ते कळेना. कुठलं घेऊ तेवढं कळवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा जहाजवाला