शर्यत त्यांच्या दारावरून जाते

प्रिय मित्रा,

तब्येत बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आई मजेत. एवढं पुरे. काल संध्याकाळी आपल्या ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल, पळणं एका दमात) बैठकीत जे झालं ते फोनवर सांगून भागणार नाही आणि तुझ्याशिवाय ते कुणाला कळणारही नाही, म्हणून लिहायला बसलो.

सायकलच्या रस्त्यावरच्या वस्तीतली माणसं आली होती. मला वाटलं भांडायला आली आहेत. एक आजोबा उठले आणि शांतपणे विचारलं, "तुमचा शेवटचा सायकलवाला आमच्या दारावरून किती वाजता जातो?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पहिला कधी जातो ते सगळ्यांना पाठ. शेवटचा कुणालाच ठाऊक नव्हता. गेल्या खेपेला त्यांना बायकोला डायलिसिसला न्यायचं होतं आणि नाक्यावरच्या पोराने गाडी अडवून धरली. पोर बाहेरचं. मागून दुसरी गल्ली निघते हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच सांगितलेलं, की कुणाला सोडायचं नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आपली शर्यत लहान: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. सायकलचे आपण ५ किलोमीटरचे चार फेरे करतो, कारण मार्शल, म्हणजे नाक्यावर रस्ता अडवणारे स्वयंसेवक, कमी लागतात आणि बघणाऱ्यांना तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. पण त्यामुळे त्याच घरांसमोरचा रस्ता पहिल्या फेरीपासून शेवटच्या माणसाच्या चौथ्या फेरीपर्यंत अडून राहतो. सरळ १० किलोमीटर जाऊन परत आलो, तर वळणाजवळची घरं लवकर मोकळी होतील. मात्र दुप्पट घरांना विचारावं लागेल. विचारू की! दारोदार जाऊन, शर्यतीच्या बऱ्याच आधी, रस्ता बंद होण्याची आणि उघडण्याची वेळ कागदावर लिहून देऊ. ती वेळ पाळायची म्हणजे मागे राहिलेल्यांना थांबवावं लागेल. तिथे वाईटपणा घ्यायची माझी तयारी आहे.

आणि नाक्यावर उभं राहणारा माणूस त्याच नाक्यावरचा हवा. दोन सायकलस्वारांमध्ये अंतर पडलं की कुणाला पलीकडे सोडायचं आणि रुग्णवाहिका कुठल्या बोळातून काढायची, हे त्याला सांगावं लागत नाही. मी हे बोललो तर त्या आजोबांनीच शिट्टी मागितली. खरंच सांगतो, माझा गळा दाटून आला.

तू म्हणशील, शर्यत म्हणजे शर्यत, त्यात मदत कसली! २०१६ साली मेक्सिकोत कोझुमेलच्या ट्रायथलॉनला ॲलिस्टर ब्राउनलीने लटपटणाऱ्या धाकट्या भावाला, जॉनीला, खांदा देऊन शेवटच्या रेषेपलीकडे ढकललं, तेव्हा "दोघांनाही बाद करा" म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस. मी अजूनही ऐकणार नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बेला ट्रायथलॉन नावाची पहिली शर्यत झाली, तेव्हा पोहणं शेवटी होतं आणि मागच्यांना अंधार पडला. लोकांनी मोटारींचे दिवे लावून त्यांना वाट दाखवली. आपला खेळ असा, आसपासच्यांच्या भरवशावरच उभा राहिलाय. (आणि सायकल संपली तरी हेल्मेट डोक्यावर ठेवून पळत सुटलेल्या माणसाने नियमांवर फार बोलू नये.)

शर्यतीत खायच्या एनर्जी जेलची रिकामी पाकिटं शेतात पडली होती, त्यावरूनही बोलणी खाल्ली. ठरलेल्या जागेबाहेर कचरा टाकला तर दंड होतो, तो नियम आहेच, पण बघायला कोण असतं? यंदा बक्षिसं वाटण्याआधी आपण खेळाडूच तो रस्ता चालत साफ करणार. पोरांसाठी छोटी शर्यतही मागितली आहे वस्तीने. पोहणं नको, नुसतं पळणं आणि सायकल. ती आधी होईल, मोठ्यांच्या आधी.

राहता राहिला पलीकडचा क्लब. त्यांनी तोच रविवार धरलाय. तेच रस्ते, तेच पोलीस, त्याच वस्तीला दोनदा त्रास. माझं म्हणणं, तारखा वाटून घ्याव्यात, त्यांच्या शर्यतीला आपण मार्शल व्हावं आणि आपल्याला त्यांनी. पाण्यातल्या सुरक्षेसाठी कयाक होड्या त्यांच्याकडेच आहेत, आणि त्याशिवाय मी एकालाही पाण्यात उतरवणार नाही. पण त्यांचा कॅप्टन माझा फोन उचलत नाही. तुझा उचलेल. रिलेच्या वेळी तुम्ही दोघं कडाडून भांडलात खरे, पण तो अजून तुझंच नाव काढतो. त्याला भेट, आणि जुना हिशेब काढू नकोस, गळ घालतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीची परीक्षा संपली असेल, तिला शाबासकी सांग. वहिनींना नमस्कार.

पुढची बैठक वस्तीतच घ्यायची ठरली आहे, त्यांच्या अंगणात. त्याआधी कॅप्टनचं उत्तर हवं, म्हणजे तारीख त्यांच्यासमोरच पक्की करता येईल.

तुझाच