काका, त्या दिवशी माझ्या हातातला पाना काढून घेतलात त्याबद्दल

काका,

समोर बसून हे बोलायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्यातले जे कोणी जुनी रेसिंग इंजिनं उघडून बसलेत त्यांनाही उपयोग होईल.

मी ब्लॉक (इंजिनाचा बिडाचा ओतीव सांगाडा) धुवून पुसून टेबलावर ठेवला होता आणि हेडचे स्टड (इंजिनाचं झाकण म्हणजे हेड, ते ब्लॉकवर धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या सळ्या) दोन नट एकमेकांवर आवळून पान्याने कसत होतो. तुम्ही काही न बोलता पाना काढून घेतलात, स्टड परत बाहेर काढलात, भोकात बारीक तारेला चिंधी गुंडाळून फिरवलीत आणि ती ओली चिंधी माझ्यासमोर धरलीत. धुतलेलं सॉल्व्हंट तळाशी राहिलं होतं. भोक खालून बंद, वरून स्टड पिस्टनसारखा खाली येतोय, मधलं द्रव दाबलं जात नाही आणि जायला जागा नाही, मग तो सगळा जोर आजूबाजूच्या बिडावर जातो आणि ब्लॉक तडकतो. इंजिन एकदाही सुरू न होता! आणि मला वाटलं असतं की टॉर्क (आवळायचा जोर) बरोबर दिला म्हणजे काम झालं. स्टड हातानेच बसवायचा, तळाला लागला की थांबायचं, ताण नटाने द्यायचा, हे त्याच वेळी सांगितलंत. तेव्हापासून प्रत्येक भोक हवा मारून आणि चिंधी फिरवून कोरडं केल्याशिवाय मी स्टड हातात घेत नाही.

माझा आधीचा ब्लॉक कसा गेला ते तुम्हाला माहितीच आहे. कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला धरणाऱ्या दांड्याचे) जुनेच बोल्ट परत वापरले, वरच्या गिअरमधून खाली येताना चुकीचा गिअर पडला, आरपीएम कुठच्या कुठे गेला आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर. असे ब्लॉक आता कोणी सहज ओतून देत नाही, जे आहेत ते आहेत, म्हणून ते भोक बघून मला खरंच रडू आलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त म्हणालात की ब्लॉक आपणहून मरत नाही, आधी दुसरं कोणीतरी तुटतं आणि शेवटी भिंत मधे येते. आता रॉड बोल्ट नवे आणि नुसत्या टॉर्कवर विश्वास न ठेवता आवळताना किती लांबतो ते मोजून बसवतो.

मग दुसऱ्या ब्लॉकच्या वेळचं आपलं भांडण. 1275 सीसीचं ए-सिरीज (जुन्या ऑस्टिन, मिनी गाड्यांमधलं ब्रिटिश इंजिन), मला 1380 सीसी करायचंच होतं कारण सगळे करतात. मूळ बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) 70.61 मिमी, 1380 साठी 73.5 करावा लागतो, म्हणजे प्रत्येक बाजूने जवळजवळ दीड मिमी बीड खरवडायचं. तुम्ही म्हणालात आधी भिंत किती आहे ते तरी बघ. अल्ट्रासॉनिक मीटर घेऊन प्रत्येक बोअर वर, मधे, खाली आणि चारही बाजूंनी मोजलात आणि तिसऱ्या बोअरला एका बाजूला 5 मिमी तर समोरच्या बाजूला जेमतेम 3. ओतताना साच्यातला गाभा सरकलेला होता, बाहेरून ते कधीच दिसलं नसतं. तीनातून दीड गेले तर उरलं काय? रेसमधे ती भिंत वाकली असती, पिस्टनच्या रिंगांनी सील सोडलं असतं आणि कधीतरी पाणी आत. मी तरी वाद घातला, लायनर (बोअरमधे बसवायची वेगळी नळी) टाकू म्हणालो, तर तुम्ही म्हणालात इतक्या जवळ जवळ असलेल्या बोअरमधे लायनर हा शेवटचा उपाय, पहिला नाही. शेवटी 20 थाऊवर (इंचाचे 20 हजारांश, म्हणजे साधारण अर्धा मिमी) थांबलो, 1290 सीसीच्या आसपास. होनिंग (बोअर घासून नेमक्या मापाला आणणं) करतानाही जाड प्लेट हेडच्या जागी त्याच टॉर्कने आवळून केलंत, कारण हेड आवळलं की बोअर किंचित वाकडा होतो, सुटा असताना गोल केलेला बोअर नंतर गोल राहत नाही.

मेन कॅपचं (क्रँक, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या टोप्यांचं) तर मला डोक्यातच नव्हतं. हे इंजिन 1951 मधे 803 सीसीचं म्हणून आलं आणि पुढे कितीही मोठं झालं तरी क्रँकला आधार तीनच बेअरिंगचा, त्यामुळे मधल्या कॅपवर प्रचंड मार. कॅप आणि ब्लॉक जिथे टेकतात तिथले काळपट घासल्याचे डाग तुम्ही दाखवलेत, म्हणजे कॅप हलत होती. तशीच चालवली असती तर तडा तिथूनच गेला असता. त्यावर स्टीलची जाड पट्टी, चांगले स्टड आणि मग तिन्ही भोकं एका रेषेत आहेत का ते परत तपासणं. मी पट्टी लावून मोकळा झालो असतो.

बाकीचं पटकन लिहितो. हेल्मेटमधे डिटोनेशन (सिलिंडरमधे इंधन स्फोटासारखं जळून होणारी ठकठक) ऐकू येत नाही, म्हणून प्रॅक्टिसनंतर प्लग काढून पोर्सिलेनवर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके आहेत का बघायचे आणि दिसले तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घ्यायचं, पुढचा राउंड गेला तरी चालेल. पाणी गरम झालं म्हणजे तेल गरम झालं असं नाही, तेलाचा काटा वर आल्याशिवाय जोर द्यायचा नाही. आणि गारठ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर रेडिएटर रिकामा करून भागत नाही, ब्लॉकचा ड्रेनसुद्धा उघडायचा, बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि बीड फुगत नाही, फुटतं. नुसतं पाणी भरून धावणाऱ्यांनी हे तर भिंतीवर लिहून ठेवावं.

काका, तुम्ही प्रत्येक वेळी नुसतं नाही म्हणाला असतात तर मी ऐकलं नसतं हो. तुम्ही चिंधी दाखवलीत, मीटरचा आकडा दाखवलात, कॅपवरचा डाग दाखवलात. सीझन संपल्यावर ऑइल पॅन उतरवलं, मधली कॅप काढली, टेकायची जागा स्वच्छ, एक डाग नाही. मी बराच वेळ ती कॅप हातात धरून बसलो होतो. तुमचे खूप खूप आभार.

पुढच्या महिन्यात हेड काढणार आहे, वाल्वचं काम आहे. स्टड परत बसवायच्या दिवशी वेळ असेल तर या, चिंधी मीच फिरवतो, तुम्ही फक्त बघा कोरडी निघते का.

तुमचाच,
1275 वाला