प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून 'गेट्स' काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली सत्तावीस वर्षे मी टिळकवाडीत कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. डिप्लोमा आणि डिग्रीची मुले 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येतात, काही मराठी माध्यमाची, काही कन्नड. गेल्या महिन्यात त्यातली एक मुलगी प्रॅक्टिकलची परीक्षा देऊन थेट क्लासला आली आणि गप्प बसून राहिली. खूप विचारल्यावर बोलली. कीबोर्डवरून नाव वाचण्यासाठी तिने 'एफगेट्स' (fgets) वापरले होते; जागा किती आहे हे सांगून ओळ वाचायची ही 'सी'तली सोय. परीक्षकांनी त्याखाली लाल रेघ मारली, 'जर्नलप्रमाणे नाही' म्हणाले आणि गुण कापले. जर्नलमध्ये त्याच कामाचे जुने 'गेट्स' (gets) आहे. कॉलेजचे नाव मी लिहीत नाही. मला भांडण नको, ती ओळ बदलून हवी आहे.

'गेट्स'ला आपण फक्त जागा कुठे आहे एवढे सांगतो, जागा किती आहे हे सांगायची सोयच त्यात नाही. समोरचा माणूस एंटर मारेपर्यंत जे टाइप करील ते सगळे ते आत ओतत राहते. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म', म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरच्या हजारो मशीनमध्ये पसरला. त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती: एका सेवेने ५१२ बाइटची (इंग्रजीचे एक अक्षर म्हणजे एक बाइट) जागा ठेवली होती आणि ती 'गेट्स'ने भरली जात होती. २०११ च्या प्रमाणातून (स्टँडर्ड, म्हणजे भाषेची अधिकृत नियमावली) 'गेट्स' 'सी' भाषेतूनच काढून टाकण्यात आले. आमच्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये मात्र 'सी'चे प्रोग्रॅम चालवणारे जुने, निळ्या पडद्याचे टर्बो सी अजून चालते आणि ते तक्रार करत नाही, म्हणून मुलांना वाटते सगळे ठीक आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९६ साली खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध डेअरीसाठी मी टर्बो सीमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला होता. आधी खाते नंबर टाइप करायचा, मग नाव, आणि नाव 'गेट्स'ने वाचले जायचे. मेमरीत मात्र नावाला २० घरे आणि त्याला लागूनच खाते नंबर. एके दिवशी शेजारच्या काकू कार्ड घेऊन आल्या. "दूध मी घालते आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर कसे रे बाळा?" त्यांचे खाते ३७, पण प्रोग्रॅममध्ये ते ८२ झालेले. तीन रात्री कागदावर अक्षरे मोजत बसलो तेव्हा कळले. खाते त्यांच्या यजमानांच्या नावावर होते आणि वडिलांच्या नावासकट, मधल्या जागा धरून, ते इंग्रजीत २१ अक्षरे भरत होते. आपल्या भागातल्या कितीतरी आडनावांसारखे तेही 'कर'ने संपणारे. एकविसावे अक्षर, कॅपिटल 'आर', शेजारच्या खाते नंबरात जाऊन बसले. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकडा म्हणून ठेवतो, आणि 'आर'चा आकडा ८२. खाते ८२ दुसऱ्याच घराचे होते. काकूंचे अकरा दिवसांचे दूध त्या घरात जमा झाले. पैसे परत मिळाले, पण त्या अकरा दिवसांत त्यांना घरी काय ऐकून घ्यावे लागले ते मला माहीत आहे.

'स्कॅनएफ' (scanf) या वाचायच्या दुसऱ्या सोयीत शब्दासाठी नुसते 'परसेंट एस' (%s) लिहिले की तीच गत, वर पहिल्या स्पेसला नाव तुटते ते वेगळेच. आणि आकड्यासाठीच्या 'परसेंट डी'ने (%d) मेनूचा नंबर वाचताना कोणी चुकून अक्षर दाबले की मेनू पडद्यावर धो धो धावत सुटतो. आकडा सापडला नाही म्हणून ते अक्षर जागच्या जागी राहते आणि प्रत्येक फेरीत तेच पुन्हा समोर येते. यावर उपाय म्हणून, साचलेले इनपुट साफ होईल या समजुतीने, मुलांना 'एफफ्लश' (fflush) सांगितले जाते. कीबोर्डच्या इनपुटवर त्याने काय करावे हे 'सी'च्या प्रमाणात ठरवलेलेच नाही.

क्लासमध्ये मी मुलांना लिनक्सच्या टर्मिनलवर आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत टाइप करायला लावतो. अक्षरे साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे अक्षर तीन बाइट घेते, काना-मात्रा-वेलांटीही वेगळी तीन. 'बेळगाव' १८ बाइटचे, म्हणून २० च्या जागेत बसते. 'खानापूर' २१ चे, बसत नाही. कन्नडमध्ये 'बेळगावी' लिहिले तर तेही २१, आणि तेही बसत नाही. 'एफगेट्स' १९ बाइट घेऊन (विसावा शेवटच्या खुणेसाठी ठेवून) थांबते, शेजारच्या जागेला हात लावत नाही. पण पडद्यावर 'खानापू' आणि पुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते, कारण 'र'चा एकच बाइट आत आलेला असतो. उरलेले दोन बाइट रांगेत थांबतात आणि पुढचा 'तालुका?' हा प्रश्न पडद्यावर येताच त्याचे उत्तर म्हणून आत शिरतात. मुले हे एकदा डोळ्यांनी बघतात आणि मग विसरत नाहीत.

म्हणून नुसते 'एफगेट्स' लिहून भागत नाही. त्याने काही वाचलेच नाही तर थांबावे. ओळीच्या शेवटी एंटर सापडला तर तो काढून टाकावा. सापडला नाही तर ओळ जागेपेक्षा मोठी होती असे समजून उरलेली अक्षरे एंटरपर्यंत वाचून टाकावीत आणि माणसाला पुन्हा लिहायला सांगावे. आकडा हवा असेल तरी आधी अशीच पूर्ण ओळ घ्यावी, मग अक्षरांतून आकडा काढणाऱ्या 'स्ट्रटॉल'ने (strtol) त्यातून आकडा काढावा आणि मागे काही शिल्लक राहिले का ते पाहावे. एवढे शिकवायला मला दोन तास लागतात.

जर्नल तयार करणाऱ्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या सेमिस्टरची प्रत छापायला जाण्याआधी ती ओळ बदला. आणि तोपर्यंत परीक्षेत 'एफगेट्स' लिहिणाऱ्या मुलामुलींचे गुण कापू नका.

आपला,
एक संगणक शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव